'झेड' नगरी आणि मागे राहिलेले घर

२९ मे १९२५ रोजी ब्राझीलच्या माटो ग्रोसो प्रांतातील निबिड अरण्यातून ५७ वर्षांच्या एका गृहस्थाने आपल्या पत्नीला पत्र लिहिले. मुक्कामाचे नाव होते 'डेड हॉर्स कॅम्प', म्हणजे मेलेल्या घोड्याचा तळ. आधीच्या एका फसलेल्या मोहिमेत याच जागी त्याला स्वतःच्या घोड्याला गोळी घालावी लागली होती आणि तेच नाव त्या जागेला चिकटले होते. या खेपेस त्याच्यासोबत नुकताच विशी ओलांडलेला थोरला मुलगा जॅक आणि जॅकचा बालमित्र राली रिमेल असे दोघे होते. अपयशाची भीती बाळगू नकोस, असा धीर त्या पत्रात होता. सोबतचे दोन मजूर पत्रे घेऊन माघारी फिरले. त्यानंतर त्या तिघांपैकी कोणीही बाहेरच्या जगाला पुन्हा दिसले नाही.

हे गृहस्थ म्हणजे इंग्लंडचे कर्नल पर्सी हॅरिसन फॉसेट. ॲमेझॉनच्या अरण्यात एक प्राचीन, प्रगत आणि विस्मृतीत गेलेली नगरी आहे, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. त्या नगरीला त्यांनी केवळ 'झेड' असे एकाक्षरी नाव दिले होते. अमेरिकन पत्रकार डेव्हिड ग्रॅन यांनी या शोधावर लिहिलेले पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर आधारलेला, जेम्स ग्रे यांनी दिग्दर्शित केलेला 'द लॉस्ट सिटी ऑफ झेड' हा चित्रपट २०१६ मध्ये न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात प्रथम दाखविला गेला आणि पुढील वर्षी सर्वत्र प्रदर्शित झाला. तिकीटबारीवर त्याला यश लाभले नाही; निर्मितीचा खर्चही पडद्यावरील उत्पन्नातून वसूल झाला नाही. तरीही ज्या कुटुंबांत पित्याचे स्वप्न पुत्राच्या खांद्यावर येण्याची परंपरा आहे, त्यांनी एकत्र बसून पाहावा, अशा मोजक्या साहसपटांत त्याची गणना करावी लागेल.

लुप्त नगरीचा शोध म्हटले की प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ठरावीक चित्र उभे राहते. जीर्ण नकाशा, गुप्त दरवाजा, सोन्याच्या मूर्ती, पाठलाग आणि शेवटच्या क्षणी कोसळणारे मंदिर. प्रस्तुत चित्रपटात यातले काहीही नाही. दोन तास एकवीस मिनिटांच्या या कथेत नगरी एकदाही दिसत नाही. नदी दिसते, चिखल दिसतो, ज्वराने फणफणलेली माणसे दिसतात आणि मधूनमधून इंग्लंडमधील एका घराचे अंगण दिसते. त्या अंगणात मुले दर वेळी थोडी मोठी झालेली असतात. त्यांच्या उंचीवरूनच पित्याच्या अनुपस्थितीचा काळ प्रेक्षकाला मोजता येतो.

चित्रपटाचा आरंभ आयर्लंडमधील हरणाच्या शिकारीने होतो. तरुण अधिकारी फॉसेट (चार्ली हनम) भन्नाट वेगाने घोडा फेकतात आणि शिकार साधतात. अहिंसेच्या संस्कारांत वाढलेल्या मनाला हे दृश्य पाहवणार नाही. परंतु त्याचे प्रयोजन लगेच स्पष्ट होते. एवढे शौर्य दाखवूनही सायंकाळच्या मेजवानीत मान्यवरांच्या पंगतीला या अधिकाऱ्यास स्थान मिळत नाही, कारण त्याच्या वडिलांनी मद्य आणि जुगारापायी घराण्याची संपत्ती व पत दोन्ही धुळीस मिळवलेली असते. पित्याने बुडविलेली पत पुत्राला भरून काढायची आहे. पुढील सारी धडपड या एका ऋणातून सुरू होते. पेढीचे नाव राखणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना फॉसेट यांच्या मनातील ही सल वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१९०६ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने फॉसेट यांना बोलिव्हिया आणि ब्राझील यांच्यामधील सीमारेषेची मोजणी करण्यास पाठविले. तोपर्यंत ते तोफखान्यात होते आणि श्रीलंकेतील त्रिंकोमाली येथे त्यांची नोकरी झाली होती. त्यांच्या पत्नी नीना यांची भेटही त्याच बेटावर झाली. ज्या अरण्यात कोणी राहू शकत नाही असे समजले जात होते, तेथील सीमेसाठी दोन राष्ट्रे का भांडत होती, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते, ते म्हणजे रबर. सायकली आणि मोटारींच्या चाकांना रबर हवे होते, आणि त्या काळी उत्तम रबर ॲमेझॉनच्या जंगली झाडांपासून मिळत असे. रबराच्या पैशावर ब्राझीलमधील मानाउस नगरात भर अरण्यात १८९६ मध्ये भव्य नाट्यगृह उभे राहिले. चित्रपटातही जंगलाच्या काठी एक रबरसम्राट संगीत नाटकाचा प्रयोग मांडून बसलेला दिसतो. त्याच्या अवतीभवती साखळदंडाने बांधल्यासारखे जगणारे स्थानिक मजूर दिसतात.

या व्यापाराचा शेवट व्यापारी वाचकांनी अवश्य ध्यानी घ्यावा. १८७६ मध्ये हेन्री विकम या इंग्रजाने रबराच्या झाडाचे सुमारे ७०,००० बी ब्राझीलमधून इंग्लंडला नेले. लंडनजवळील क्यू उद्यानात त्यांपैकी काही रुजले आणि त्यांची रोपे श्रीलंका व मलाया येथे पोहोचली. त्या मळ्यांतील रबर बाजारात येऊ लागताच ॲमेझॉनच्या रबराचा भाव कोसळला आणि रबरसम्राटांची वैभवे काही वर्षांत ओसरली. मात्र त्या वैभवासाठी ज्यांना वेठीला धरले गेले, त्या आदिवासींच्या उद्ध्वस्त वस्त्या पुन्हा वसल्या नाहीत. पुतुमायो नदीच्या खोऱ्यातील अत्याचारांची चौकशी ब्रिटिश अधिकारी रॉजर केसमेंट यांनी केली, आणि अत्याचार करणारी कंपनी लंडनमध्येच नोंदलेली असल्याचे जगापुढे आले. फॉसेट ज्या वाटांनी हिंडले, त्या वाटांवर अशी रक्ताची खतावणी मांडलेली होती.

मोजणीच्या या कामातच फॉसेट यांच्या मनात नगरीचे बीज पडले. चित्रपटात एक स्थानिक वाटाड्या त्यांना अरण्यातील प्राचीन नगरीची गोष्ट सांगतो. पुढे नदीच्या उगमापाशी त्यांना मातीच्या भांड्यांचे नक्षीदार तुकडे सापडतात. प्रत्यक्ष इतिहासातही अशा खापरांनी त्यांचे लक्ष वेधले होते. त्यांना अधिक बळ दिले एका जुन्या दस्तऐवजाने. रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय ग्रंथालयात 'हस्तलिखित ५१२' या नावाने ओळखला जाणारा एक पोर्तुगीज वृत्तांत आहे. १७५३ मध्ये खनिजाच्या शोधात निघालेल्या एका टोळीला कमानी, पुतळे आणि रुंद रस्ते असलेले एक ओसाड नगर आढळले, असे त्यात म्हटले आहे. त्याहून जुना आधार होता तो स्पॅनिश साहसवीर ओरेयाना यांच्या प्रवासाचा. १५४१-४२ मध्ये ते ॲमेझॉन नदीतून समुद्रापर्यंत गेले. सोबतचे धर्मगुरू कार्वाहाल यांनी नदीकाठच्या दाट लोकवस्तीची, मोठमोठ्या गावांची वर्णने लिहून ठेवली. नंतरच्या प्रवाशांना तेथे केवळ झाडी दिसली, म्हणून कार्वाहाल यांना थापाड्या ठरविण्यात आले.

लंडनला परतून फॉसेट आपला तर्क विद्वत्सभेपुढे मांडतात, तो प्रसंग चित्रपटातील सर्वांत प्रभावी प्रसंगांपैकी एक होय. सभागृहात हशा पिकतो, टेबले बडवली जातात. ज्यांना ते रानटी म्हणून ओळखतात, त्यांनी नगरे वसविली असतील, ही कल्पनाच त्या सभ्य गृहस्थांना हास्यास्पद वाटते. फॉसेट मात्र डगमगत नाहीत. आदिवासींशी वागण्याची त्यांची रीत त्या काळाच्या मानाने खरोखरच निराळी होती. १९१० मध्ये हीथ नदीवर त्यांच्या तुकडीवर बाणांचा वर्षाव झाला. फॉसेट यांनी बंदुका चालविण्यास मनाई केली. एका साथीदाराने अकॉर्डियन वाजवावयास घेतले, बाकीचे गाऊ लागले, आणि काही वेळाने फॉसेट निःशस्त्र होऊन पैलतीराकडे गेले. बाण थांबले आणि वैरी वाटणारे लोक यजमान झाले. शस्त्र खाली ठेवण्यात भित्रेपणा नसतो, हे सांगणारा हा प्रसंग चित्रपटात आला आहे, आणि घरातील मुलांना तो आवर्जून दाखवावा असा आहे.

याच माणसाची दुसरी बाजूही चित्रपट लपवत नाही. १९११ च्या मोहिमेत जीवशास्त्रज्ञ जेम्स मरे त्यांच्यासोबत होते. शॅकल्टन यांच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेत नाव कमावलेला हा मनुष्य अरण्यातील उष्मा आणि कीटक यांपुढे हतबल झाला. त्याच्या जखमा चिघळल्या. फॉसेट यांना आपला वेग कमी करणे मानवत नव्हते. अखेर त्यांनी मरे यांना वाटेत सोपवून दिले आणि ते पुढे गेले. मरे कसेबसे वाचले. आपल्याला मरणाच्या दारी सोडले, असा आरोप त्यांनी पुढे केला. चित्रपटात मरे यांना खलपुरुषाच्या जवळ नेऊन ठेवले आहे. परंतु जो दुसऱ्याच्या थकव्याला दुर्गुण समजतो, त्याच्यासोबत चालणे किती कठीण असते, हे त्या प्रसंगांतूनही जाणवते. शत्रूच्या बाणांपुढे अपार संयम दाखविणारा हा पुरुष स्वतःच्या दुबळ्या सोबत्यापुढे मात्र संयम राखू शकला नाही.

घरातही तेच घडत होते. नीना (सिएना मिलर) ही चित्रपटातील सर्वांत समंजस व्यक्तिरेखा आहे. जुने कागदपत्र शोधून पतीच्या तर्काला आधार मिळवून देणारी, सभागृहाच्या सज्जातून त्याची फजिती पाहणारी, आणि तरीही त्याच्या पाठीशी उभी राहणारी. एके दिवशी ती म्हणते की, पुढील मोहिमेत तीही येईल. आदिवासींना आपल्या बरोबरीचे मानणारा, विद्वानांच्या अहंकारावर कोरडे ओढणारा तिचा पती क्षणार्धात त्याच विद्वानांच्या भाषेत बोलू लागतो. स्त्रीचे स्थान, शरीराची मर्यादा, मुलांची जबाबदारी ही सारी कारणे पुढे येतात. वाद तेथेच संपतो. नीना घरी राहते. मुलांचे आजार, शाळा, भाड्याची घरे आणि ओढाताणीचा संसार तिच्या वाट्याला येतो. या जबाबदाऱ्यांची नोंद कोणत्याही भौगोलिक संस्थेच्या इतिवृत्तात होत नाही.

थोरला मुलगा जॅक मोठा होतो, तेव्हा वडिलांना तोंडावर सुनावतो की, या घराला त्यांनी वाऱ्यावर सोडले आहे. उत्तरादाखल वडिलांचा हात उठतो. त्यानंतर पहिले महायुद्ध येते. फॉसेट फ्रान्समधील रणभूमीवर तोफखान्यात लढतात. चित्रपटात विषारी वायूने त्यांची दृष्टी काही काळ जाते. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या पित्याच्या खाटेशेजारी तो संतापलेला मुलगा येऊन बसतो आणि पिता-पुत्रांतील कटुता विरघळते. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी यावे असाच हा क्षण आहे. परंतु कथेतील खरा धोका येथूनच सुरू होतो. पित्याला क्षमा करणारा जॅक (टॉम हॉलंड) पित्याचे स्वप्नही स्वीकारतो. आपण दोघे मिळून जाऊ, असे चित्रपटात तोच म्हणतो.

पुत्राने पित्याचा ध्यास उचलणे ही सामान्यतः घरातील आनंदाची घटना असते. दुकानाच्या गादीवर मुलगा बसला की घरात पेढे वाटले जातात. मात्र तो मुलगा व्यवसायावरील प्रेमामुळे बसला आहे, की वडिलांच्या जवळ जाण्याचा तेवढा एकच रस्ता त्याला सापडला म्हणून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जॅकचे बालपण वडिलांची वाट पाहण्यात गेले. वडील जेथे असतात, तेथे गेल्याशिवाय वडील मिळत नाहीत, हे त्याने ओळखले होते. प्रत्यक्षातील जॅक तरुणपणी काही काळ लॉस एंजेलिस येथे राहिला होता आणि चित्रपटांत अभिनय करावा असे त्याला वाटत होते. त्या वाटेने तो कोठवर गेला असता, हे आता सांगता येत नाही. १९२५ ची मोहीम निघाली, तेव्हा एका अमेरिकन वृत्तपत्रसंघाने तिच्या बातम्यांचे हक्क आधीच विकत घेतलेले होते. लक्षावधी वाचक त्या तिघांच्या पुढच्या पत्राची वाट पाहत होते. अशा वेळी मागे फिरणे पित्यालाही अवघड होते आणि पुत्राला तर अशक्यच.

चित्रपट आणि इतिहास यांतील काही अंतर येथे नोंदविणे आवश्यक आहे. फॉसेट यांच्या अनेक मोहिमा चित्रपटात तीनवर आणल्या आहेत. राली रिमेल हा जॅकचा मित्र कथेतून सर्वस्वी वगळला आहे. वस्तुतः दुसऱ्या एका घरातील मुलगाही या ध्यासापायी गेला, ही वस्तुस्थिती त्यामुळे प्रेक्षकाला कळत नाही. आणखी एक गोष्ट चित्रपटाने सौम्य केली आहे. कादंबरीकार रायडर हॅगार्ड यांनी दिलेली एक पाषाणमूर्ती फॉसेट यांच्यापाशी होती. वस्तूला स्पर्श करून तिचा भूतकाळ सांगतो, असा दावा करणाऱ्या एका व्यक्तीने त्या मूर्तीचा संबंध समुद्रात बुडालेल्या अटलांटिसशी जोडला, आणि फॉसेट यांनी ते गांभीर्याने घेतले. झेड नगरीचे निर्माते स्थानिक आदिवासींचे पूर्वज नसून जुन्या जगातून आलेले कोणी श्रेष्ठ लोक असावेत, या कल्पनेकडे ते उत्तरोत्तर झुकत गेले. लंडनच्या सभेत ज्या पूर्वग्रहाशी ते लढले, तोच वेगळ्या रूपात त्यांच्या मनात शिरला होता.

ते तिघे गेले कोठे, याचा शोध पुढे अनेकांनी घेतला. १९२८ मध्ये जॉर्ज डायट यांची शोधमोहीम निघाली आणि फॉसेट मारले गेले असावेत, असा निष्कर्ष घेऊन परतली. नंतर गेलेल्यांपैकी काही जण स्वतःच परत आले नाहीत. १९५१ मध्ये ब्राझीलचे ओरलांदो व्हिलास-बोआस यांना कालापालो आदिवासींनी काही अस्थी दाखविल्या. परंतु लंडनमधील तपासणीत त्या फॉसेट यांच्या नसल्याचे मत पडले. डेव्हिड ग्रॅन स्वतः कालापालो लोकांच्या गावी गेले, तेव्हा त्यांना पिढ्यान्पिढ्या सांगितली जाणारी आठवण ऐकावयास मिळाली. तीन गोरे पाहुणे गावात राहिले होते. पूर्वेकडील लोक क्रूर आहेत, तिकडे जाऊ नका, असे त्यांना परोपरीने सांगण्यात आले. वडीलधारा पाहुणा ऐकेना. पाच दिवस त्यांच्या शेकोटीचा धूर झाडांवरून दिसत राहिला. त्यानंतर दिसला नाही. मुक्कामाची जागा ठाऊक असलेल्या यजमानाचा सल्ला पाहुण्याने मानला नाही, एवढाच या आठवणीचा अर्थ आहे.

आता कथेचा सर्वांत विलक्षण भाग. फॉसेट ज्या शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यात दिसेनासे झाले, तेथेच कुइकुरो नावाचे आदिवासी राहतात. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मायकेल हेकेनबर्गर १९९० च्या दशकापासून त्यांच्यासमवेत काम करीत आहेत. २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने विद्वानांच्या जगाला धक्का दिला. त्या अरण्याखाली सुनियोजित वस्त्यांचे जाळे होते. वस्त्यांभोवती काही ठिकाणी ५ मीटर खोल आणि २.५ किलोमीटर लांब खंदक होते. मध्यभागी प्रशस्त चौक होते. एका वस्तीस दुसरीशी जोडणारे सरळ, रुंद रस्ते होते. पूल, बांध, तळी आणि शेते होती. या वस्त्यांचा भरभराटीचा काळ साधारणतः इ.स. १२५० ते १६०० असा मानला जातो. अशा वस्त्यांपैकी एक कुहिकुगू या नावाने आज ओळखली जाते. विशेष म्हणजे त्या निबंधाच्या लेखकांत कुइकुरो प्रमुख अफुकाका यांचेही नाव आहे. ज्यांच्या पूर्वजांची ती नगरे, त्यांनीच ती दाखवून दिली.

मग फॉसेट यांना ती का दिसली नाहीत? कारण ते दगडाच्या भिंती शोधत होते. शिंगूच्या खोऱ्यात बांधकामाचा दगड नाही. तेथील नगरे माती, लाकूड आणि गवत यांची होती. युरोपातून आलेल्या देवी, गोवर यांसारख्या रोगांनी माणसे मेली, घरे कुजली आणि चौकांवर झाडे उगवली. उरले ते मातीचे उंचवटे, बुजलेले खंदक आणि जागोजागी आढळणारी काळी सुपीक माती. ही माती निसर्गदत्त नव्हे. चुलीची राख, कोळसा, हाडे आणि केरकचरा मिसळून माणसांनी पिढ्यान्पिढ्या घडविलेली ती माती आहे. त्या उंचवट्यांवरून फॉसेट चालतही गेले असतील. त्यांचे यजमान त्या नगरांचे वारस होते, आणि त्यांच्या गावांची वर्तुळाकार रचना जुन्या नगरांच्या चौकाचीच लहान प्रतिकृती होती.

अलीकडच्या संशोधनाने हे चित्र आणखी विस्तारले आहे. विमानातून लेझर किरण सोडून झाडीखालील जमिनीचा आकार टिपण्याचे तंत्र आता उपलब्ध आहे. त्याच्या साहाय्याने २०२२ मध्ये बोलिव्हियातील कासाराबे संस्कृतीची नगरे उजेडात आली. तेथे मातीचे उंच पिरॅमिड, लांबच लांब रस्ते आणि कालवे आढळले. २०२४ मध्ये एक्वादोरच्या उपानो खोऱ्यातील, सुमारे २,५०० वर्षांपूर्वी उदयास आलेल्या नगरांचे वर्णन प्रसिद्ध झाले. तेथे मातीचे ६,००० हून अधिक चौथरे मोजले गेले. थापाड्या ठरलेले कार्वाहाल पूर्णतः खोटे बोलत नव्हते, आणि हशाचा विषय झालेले फॉसेटही मूळ तर्कात चुकले नव्हते. अरण्यात नगरे होती. सोन्याची नव्हती, अटलांटिसची नव्हती, पण होती.

येथे एखादा वाचक म्हणेल की, मग त्यांचा ध्यास सार्थ ठरला. सभागृहातील हशापुरते हे म्हणणे योग्य आहे. घरापुरते मात्र नाही. तर्क बरोबर निघाल्याने जॅक आणि राली परत येत नाहीत. शिवाय ज्यांनी ती नगरे अखेर शोधली, त्यांनी प्राण पणाला लावले नाहीत. ते गावात राहिले, भाषा शिकले, यजमानांना विचारत गेले आणि वर्षानुवर्षे मोजमाप करीत बसले. व्यापारात धाडसाला मोल आहे, हे कोणी नाकारणार नाही. परंतु घरातील कर्त्या पुरुषाने आपल्या वाट्याचे भांडवल जोखमीत घालणे वेगळे, आणि मुलांचे आयुष्य त्याच जोखमीत घालणे वेगळे. पहिल्याचा हिशेब तो एकटा देऊ शकतो. दुसऱ्याचा हिशेब देण्यास अनेकदा तो उरतही नाही. तो द्यावा लागतो मागे राहिलेल्यांना.

नीना यांनी तो २९ वर्षे दिला. पती आणि पुत्र जिवंत आहेत, हा विश्वास त्यांनी १९५४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडला नाही. ज्याला अरण्यात नेले गेले नाही, तो धाकटा मुलगा ब्रायन पेरू देशात रेल्वेत नोकरी करीत राहिला. वडिलांच्या टिपणवह्या, पत्रे आणि कागदपत्रे जुळवून त्यानेच १९५३ मध्ये त्यांचे आत्मवृत्त प्रसिद्ध केले. फॉसेट यांचे जे शब्द आज जगाला उपलब्ध आहेत, ते बव्हंशी या मागे राहिलेल्या मुलाच्या कष्टांमुळे. नगरीच्या शोधात ज्याची गणना झाली नाही, त्यानेच पित्याचे नाव राखले.

चित्रपट मुलांसोबत पाहावयाचा झाल्यास मुले किमान चौदा-पंधरा वर्षांची असावीत. आरंभीची शिकार, युद्धातील मृत्यू आणि नरमांसभक्षणाचा सूचक प्रसंग लहानांना अस्वस्थ करतील. कथेची गती संथ आहे. भ्रमणध्वनी बाजूला ठेवूनच बसावे लागेल. डेरियस खोंदजी यांचे छायाचित्रण मात्र त्या संयमाचे पूर्ण फळ देते. मंद पिवळसर प्रकाशातील नदी, मेणबत्त्यांनी उजळलेली घरे आणि रात्रीच्या अंधारात हलणाऱ्या मशाली दीर्घकाळ स्मरणात राहतात.

शेवटचे दृश्य नीनाचे आहे. नगरी सापडल्यास लंडनला परत पाठवावयाचे ठरलेले होकायंत्र तिच्या हाती आले आहे. ते घेऊन ती सोसायटीच्या अधिकाऱ्याकडे येते; ते दोघे जिवंत आहेत, एवढेच तिला सिद्ध करायचे असते. तो सौजन्याने ऐकून घेतो, पण विश्वास ठेवत नाही. ती निघते. जिन्याखाली एक मोठा आरसा आहे. आरशात तिची पाठमोरी आकृती दारातून बाहेर पडताना दिसते, आणि दाराबाहेर लंडनचा रस्ता नसून घनदाट हिरवे अरण्य असते. ज्या मोहिमेत तिला नेण्यास नकार मिळाला होता, त्या मोहिमेत ती शेवटी एकटीच जाते. चित्रपट संपल्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी दिवा लावण्याआधी क्षणभर थांबावे, आणि आपल्या स्वप्नात आपण कोणाकोणाला न विचारता सामील करून घेतले आहे, याची मनोमन उजळणी करावी.